मदत हवी आहे: पॉडमॅनच्या कंटेनरमधलं ॲप रूटनं उघडतं, साध्या वापरकर्त्यानं उघडत नाही

धागाकर्ता

नमस्कार मंडळी. सर्किट बोर्ड आखण्याचं एक जुनं सॉफ्टवेअर मला अजून काही वर्षं चालू ठेवायचं आहे. त्यात काढलेले बोर्ड दुसऱ्या कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नीट उघडत नाहीत, थरांची सरमिसळ होते. त्याला लिबपीएनजी१२ (पीएनजी चित्रं वाचणारी जुनी लायब्ररी) लागते, आणि १६.०४ नंतर ती उबुंटूतून काढली गेली. म्हणून उबुंटू १६.०४ च्या इमेजमध्ये (कंटेनर ज्यावरून बनतो तो साचा) ते बसवलं आहे. होस्ट, म्हणजे माझं खरं मशीन, डेबियन १२, नोम, वेलँड सेशन (वेलँड ही खिडक्या दाखवण्याची नवी पद्धत, एक्स ही जुनी). पॉडमॅन (कंटेनर, म्हणजे होस्टपासून वेगळ्या ठेवलेल्या चौकटी, चालवणारा प्रोग्राम) रूटलेस, माझ्याच खात्यातून, सूडो कुठेही नाही.

ॲप क्यूटी ५ वरचं आहे (खिडक्या, बटणं काढणारी लायब्ररी). क्यूटी त्याच्याच फोल्डरमध्ये येतं आणि त्यात प्लगइन फक्त एक्ससीबीचा, म्हणजे जुन्या एक्सचा, आहे; म्हणजे एक्सवेलँडशिवाय (वेलँडमध्ये चालणारा एक्स सर्व्हर) गत्यंतर नाही. कंटेनर बनवताना डिस्प्ले आणि एक्सऑथॉरिटी ही दोन्ही व्हेरिएबल्स आत दिली आहेत, टीएमपीतलं एक्स११-युनिक्स हे फोल्डर जोडलंय, रन-यूजर-१००० हेही जोडलंय. इमेजमधल्या साध्या वापरकर्त्याचा यूआयडी (वापरकर्त्याचा क्रमांक) १०००, होस्टवर माझाही १०००.

आता अडचण. कंटेनरमध्ये रूट म्हणून ॲप सुरू केलं की खिडकी लगेच उघडते. त्याच कंटेनरमध्ये त्या साध्या वापरकर्त्यानं सुरू केलं की हा संदेश येऊन बंद पडतं:

ऑथरायझेशन रिक्वायर्ड, बट नो ऑथरायझेशन प्रोटोकॉल स्पेसिफाइड

रूटला चालतं आणि १००० ला नाही, हे मला उलटं वाटतंय. यूआयडी दोन्हीकडे सारखा आहे, मग अडतंय कुठे? शोधल्यावर बहुतेक ठिकाणी एकच उपाय दिसतो: होस्टवर एक्सहोस्ट प्लस लोकल चालवा (एक्सहोस्ट म्हणजे एक्स सर्व्हर कुणाला आत घेतो ती यादी बदलणारी कमांड). त्यानं चालतं, पण लॉगआउट करून परत आलं की पुन्हा तेच. आणि शिवाय तो उपाय मला नकोच आहे. कुणालाही आत घेणं म्हणजे अडचण सोडवणं नव्हे. नकार नेमका कोण देतंय आणि का, ते समजून घ्यायचं आहे.

पहिला प्रतिसाद

प्रश्न नीट मांडलाय, त्यामुळे उत्तर देणं सोपं जाईल. आधी संदेशाबद्दल, कारण हे तीन संदेश लोक एकाच माळेत ओवतात.

नुसतं "कुड नॉट कनेक्ट टू डिस्प्ले" आलं तर बहुधा सॉकेटपर्यंत (ॲप एक्स सर्व्हरला जोडलं जातं ते दार) पोचताच आलेलं नसतं: फोल्डर जोडलेलं नाही किंवा डिस्प्लेचा आकडा चुकला. "इन्व्हॅलिड एमआयटी मॅजिक कुकी" आलं तर कुकी (ओळख पटवणारी गुप्त किल्ली, ती एक्सऑथॉरिटीच्या फाइलीत असते) मिळाली, पण ती या सर्व्हरची नाही. तुम्हाला आलेला संदेश तिसरा. सॉकेट सापडलं, एक्स सर्व्हरनं ऐकूनही घेतलं, पण ॲपनं कुकी दिलीच नाही. म्हणजे एक्सऑथॉरिटीची फाइल सापडली नाही, किंवा सापडली आणि वाचता आली नाही.

तीन गोष्टी बघून सांगा. ॲप साध्या वापरकर्त्यानं सुरू असताना (त्यापुरतं एक्सहोस्ट मोकळं करा, नंतर बंद करा) होस्टवर पॉडमॅन टॉप चालवा, पुढे कंटेनरचं नाव आणि मग यूजर (आतला वापरकर्ता), एचयूजर (तोच होस्टवरून दिसतो तसा) हे दोन रकाने. दुसरं, कंटेनरच्या आत प्रॉक-सेल्फमधली यूआयडी-मॅप ही फाइल. तिसरं, होस्टवर एक्सहोस्ट ही कमांड काहीही न जोडता, म्हणजे यादी दिसेल.

धागाकर्ता

पॉडमॅन टॉप: यूजरच्या रकान्यात १०००, एचयूजरच्या रकान्यात १००९९९. हा आकडा कुठून आला?

यूआयडी-मॅपमध्ये दोन ओळी आहेत. पहिली: ० १००० १. दुसरी: १ १००००० ६५५३६.

एक्सहोस्ट म्हणतं की नियंत्रण चालू आहे, आणि खाली एकच नोंद: एसआय, लोकलयूजर, पुढे माझं खातं.

पहिला प्रतिसाद

सगळं उत्तर या दोन ओळींत आहे. ओळ वाचायची अशी: आतला कुठला आकडा, बाहेरचा कुठला आकडा, आणि तिथून सलग किती. पहिली ओळ सांगते की आतला ० म्हणजे बाहेरचा १०००. म्हणजे कंटेनरमधला रूट हे तुम्हीच आहात. दुसरी सांगते की आतला १ बाहेर १०००००, आतला २ बाहेर १००००१, असं पुढे. त्या हिशोबानं आतला १००० बाहेर १००९९९. ही रेंज तुमच्या खात्याला ईटीसीमधल्या सबयूआयडी फाइलीत दिलेली आहे.

आता एक्सच्या बाजूनं बघा. एक्सवेलँड होस्टवर चालतो. कुणी सॉकेटवर आलं की तो कर्नलला विचारतो, हा कोण? कर्नल बाहेरचा आकडा सांगतो. रूटनं सुरू केलेलं ॲप १००० म्हणून येतं, तुमचं खातं यादीत आहे, आत घेतलं; कुकी बघायचीही गरज पडत नाही. साध्या वापरकर्त्याचं ॲप १००९९९ म्हणून येतं. यादीत नाही. कुकी द्यावी, तर ती रन-यूजर-१००० मध्ये, त्या फोल्डरच्या परवानग्या ०७००, म्हणजे १००९९९ ला तिथे पायही ठेवता येत नाही. म्हणून तो संदेश.

यूआयडी सारखा "दिसतो" फक्त आतून. बाहेरून तो परका आहे. खात्री करायची असेल तर जोडलेल्या एखाद्या फोल्डरमध्ये त्या वापरकर्त्यानं काही सेव्ह करायला सांगा. एक तर परवानगी नाही म्हणेल, किंवा फोल्डर सगळ्यांना खुलं असेल तर होस्टवर ती फाइल १००९९९ च्या मालकीची दिसेल.

उपाय: कंटेनर नव्यानं बनवताना यूजरएनएस या पर्यायाला (आतले-बाहेरचे आकडे कसे जुळवायचे ते ठरवणारा) कीप-आयडी द्या. मग आतला १००० म्हणजे बाहेरचाही १०००. हे चालू कंटेनरवर बदलता येत नाही, नवा बनवावाच लागतो. आत हातानं काही बसवलं असेल तर आधी पॉडमॅन कमिट करून इमेज करून ठेवा. पहिल्या वेळी तो बराच वेळ अडकल्यासारखा वाटू शकतो, कारण इमेजमधल्या फाइल्सची मालकी नव्या आकड्यांनुसार बदलली जाते. मधेच तोडू नका.

आणि एकदा हे झालं की एक्सऑथॉरिटी आणि रन-यूजर-१००० दोन्ही काढून टाका. यादीतल्या नोंदीवर काम भागतं. नोमच्या वेलँड सेशनमध्ये त्या कुकीच्या फाइलनावाचं शेपूट दर लॉगइनला बदलतं, आणि कंटेनरमधलं व्हेरिएबल बनवतानाच गोठतं, त्यामुळे तसंही ते पुढच्या लॉगइनला निरुपयोगी झालं असतं. रन-यूजरमध्ये तुमच्या डी-बसचं (प्रोग्राम एकमेकांशी बोलतात ती व्यवस्था) सॉकेटही असतं, ते एका जुन्या ॲपच्या हाती देण्याचं कारण नाही.

दुसरा प्रतिसाद

वरचं सगळं बरोबर. एक्सहोस्टबद्दल थोडं, कारण हा धागा शोधत येणारे बरेच जण तीच कमांड डोक्यात घेऊन येतील. प्लस लोकल म्हणजे या मशीनवरचा कुठलाही वापरकर्ता, कुठलीही प्रक्रिया. एक्समध्ये एक क्लायंट दुसऱ्याच्या कळा वाचू शकतो, त्याची खिडकी टिपू शकतो. वेलँड सेशनमध्ये हे फक्त एक्सवेलँडमधल्या खिडक्यांपुरतं राहतं, साध्या एक्स सेशनमध्ये मात्र सगळं उघडं. लॉगआउटनंतर ते पुसलं जातं कारण ती यादी त्या सर्व्हरच्या आठवणीत असते, डिस्कवर नाही. ते पुसलं जातं हे चांगलंच आहे. कृपया लॉगइनच्या स्क्रिप्टमध्ये घालून ठेवू नका.

फेडोरावाल्यांसाठी: तिथे एसईलिनक्स (फाइलींवरची लेबलं बघून परवानगी देणारी सुरक्षाव्यवस्था) सॉकेटला जोडू देत नाही. त्या एका कंटेनरपुरतं लेबल डिसेबल करा. टीएमपी किंवा रन-यूजर जोडताना शेवटी मोठा झेड लावू नका, त्यानं होस्टवरच्या खऱ्या फाइलींची लेबलं बदलतात आणि मग भलतंच काही बंद पडतं.

धागाकर्ता

चाललं! कीप-आयडीनं कंटेनर पुन्हा बनवला, एक्स११-युनिक्सशिवाय सॉकेटचं काहीच जोडलं नाही, एचयूजरमध्ये आता १००० दिसतं. लॉगआउट करून आलो तरी उघडतं. मनापासून आभार, इतकं सविस्तर कुठेच वाचायला मिळालं नव्हतं.

पण आता आत गेल्यावर तीन गोष्टी दिसल्या. काही डायलॉग नुसते करडे येतात, बटणं नाहीत, मजकूर नाही. टर्मिनलवर बॅडॲक्सेस आणि एक्स-शॅम-अटॅच असं दिसतं. बोर्डांची नावं मी मराठीत ठेवतो, ती यादीत प्रश्नचिन्हांची रांग म्हणून येतात, आणि बोर्डावर लिहिलेला मराठी मजकूर रिकाम्या चौकटी. आणि बोर्डाचं त्रिमितीय दृश्य फिरवायला गेलं की पंखा गरगरतो, चित्र अडखळत सरकतं.

तिसरा प्रतिसाद

करडे डायलॉग: क्यूटी चित्र सामायिक मेमरीत काढतं आणि एक्सला त्या तुकड्याचा क्रमांक सांगतं. पण कंटेनरची आयपीसी नेमस्पेस (सामायिक मेमरीचं स्वतंत्र आवार) वेगळी, त्यामुळे तो क्रमांक होस्टवर अस्तित्वातच नाही. एक्स तो नाकारतो, खिडकी कोरी राहते. क्यूटी-एक्स११-नो-एमआयटीशॅम हे व्हेरिएबल १ करा, मग ते सामायिक मेमरीच्या वाटेला जाणार नाही. आयपीसी होस्ट दिल्यानंही सुटतं, पण मी व्हेरिएबलच निवडीन. एका खिडकीसाठी होस्टची मेमरी कशाला खुली करायची?

मराठीचं: प्रश्नचिन्ह आणि चौकट ही दोन वेगळी दुखणी आहेत. प्रश्नचिन्ह म्हणजे लोकॅल (भाषा आणि अक्षरसंचाची सेटिंग). इमेजमध्ये ते पॉझिक्स असतं, क्यूटीला फाइलनावातलं देवनागरी वाचताच येत नाही. लँगला सी-यूटीएफ-८ द्या. चौकट म्हणजे अक्षर कळलं पण फॉन्ट नाही. लोहित देवनागरी बसवा, किंवा होस्टचं फॉन्टचं फोल्डर फक्त वाचण्यापुरतं जोडा.

पहिला प्रतिसाद

त्रिमितीय दृश्याचं दुखणं जास्त खोल आहे. कंटेनरच्या आत जीएलएक्सइन्फो चालवा. रेंडररच्या ओळीत एलएलव्हीएमपाइप असेल तर सगळं चित्र प्रोसेसर काढतोय. सरळ उपाय म्हणजे डेव्हमधलं डीआरआय आत देणं, आणि गटाची परवानगी टिकावी म्हणून ग्रुप-ॲडला कीप-ग्रुप्स. पण तुमच्याकडे तेवढ्यानं भागणार नाही असा माझा अंदाज. ग्राफिक्स ड्रायव्हरचा अर्धा भाग कर्नलमध्ये, अर्धा मेसामध्ये (ग्राफिक्सची लायब्ररी), आणि मेसा वापरली जाते कंटेनरमधली. १६.०४ ची मेसा तुमच्या चिपच्या आधीची असेल तर तिला ती ओळखूच येणार नाही. चिप कुठली आहे?

धागाकर्ता

करडे डायलॉग गेले, नावं आणि मजकूर दोन्ही दिसतात. चिप २०२० नंतरची इंटेलची. होस्टवर आयरिस ड्रायव्हर चालतो. डीआरआय दिलं तरी आत एलएलव्हीएमपाइपच.

पहिला प्रतिसाद

आयरिस मेसात आला २०१९ साली, १६.०४ मध्ये तो असणं शक्यच नाही. मग पाया बदला. डेबियन १२ चीच इमेज घ्या, तिच्यात नवी मेसा बसवा, आणि जुन्या इमेजमधून फक्त लिबपीएनजी१२ ची फाइल उचलून ॲपच्या फोल्डरमध्ये ठेवा. जुने प्रोग्राम नव्या जीलिबसीवर (लिनक्सची पायाभूत सी लायब्ररी) चालतात, उलटं चालत नाही. क्यूटी ॲपसोबतच येतं, त्यामुळे तुमचं काम बऱ्यापैकी सोपं आहे. कंटेनर तरीही ठेवा. उद्या होस्ट अपग्रेड झाला तरी ही इमेज जशीच्या तशी राहील.

एक पाहून ठेवा: अशा जुन्या ॲपच्या फोल्डरमध्ये पुष्कळदा लिबएसटीडीसी++ (सी++ प्रोग्रामना लागणारी लायब्ररी) चीही जुनी प्रत असते. ॲप ती आधी उचलतं, मग मेसाला नवी हवी असते ती मिळत नाही, ड्रायव्हर लोड होत नाही आणि दोष मात्र ग्राफिक्सवर जातो.

धागाकर्ता

तसंच निघालं. नव्या इमेजवर ॲप उघडलं, पण त्रिमितीय दृश्य आलंच नाही. टर्मिनलवर जीएलआयबीसीएक्सएक्सची, म्हणजे त्याच लिबएसटीडीसी++ ची, आवृत्ती सापडत नाही असा संदेश. ॲपच्या फोल्डरमधली लिबएसटीडीसी++ बाजूला काढली आणि दृश्य आलं, अगदी सहज फिरतंय. रेंडररच्या ओळीत आता इंटेलचं नाव आहे. आधीचे बोर्ड एकेक करून उघडून बघतोय, थर जिथल्या तिथे आहेत. धाग्याला "सुटलं" अशी खूण करतो.