दिल्लीतील सोयुझ यान राकेश शर्मांचेच आहे का?

वानखेडे ताई, बी विंग : नमस्कार. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही दिल्लीला जाणार असून नेहरू तारांगणातील अंतराळयान मुलीला दाखवायचे आहे. राकेश शर्मा १९८४ मध्ये सोयुझ टी-११ मधून गेले, असे तिच्या पुस्तकात आहे. तारांगणात मात्र टी-१० ठेवलेले आहे. ती प्रतिकृती समजावी काय?

देशपांडे काका, ए विंग : नाही ताई, शर्मा ज्यातून पृथ्वीवर उतरले तेच ते यान आहे. ३ एप्रिलला ते टी-११ मधून सॅल्यूत-७ या अंतराळस्थानकावर गेले आणि ११ एप्रिलला, फेब्रुवारीपासून तेथे जोडलेल्या टी-१० मधून परतले. कारण कक्षेतील सोयुझचा भरवसा ठरावीक मुदतीपुरताच असल्याने पाहुण्यांनी जुने यान घेऊन परतावे आणि दीर्घ मुक्कामाच्या तिघांसाठी नवे मागे ठेवावे, अशी सोव्हिएत पद्धत होती. मुलीला एवढे आधीच सांगून ठेवा की तेथे दिसते ती फक्त परतीची कुपी आहे, जेमतेम सव्वादोन मीटर व्यासाची. यानाचे उरलेले दोन भाग वातावरणात जळून जातात. तीन माणसे तीत गुडघे मुडपून बसत, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पटत नाही.

मेश्राम भाऊ, सी विंग : काका, कल्पना चावला यांचे यान कुठे पाहायला मिळते का?

देशपांडे काका : भाऊ, १९९७ आणि २००३ या त्यांच्या दोन्ही मोहिमा कोलंबिया या शटलच्याच, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायच्या अमेरिकी अंतराळयानाच्याच होत्या. दुसऱ्या उड्डाणात इंधनटाकीवरून निसटलेल्या फोमच्या तुकड्याने डाव्या पंखाच्या कडेला भोक पाडले आणि १ फेब्रुवारी २००३ रोजी परतताना ते हवेतच विखुरले. फ्लोरिडातील केनेडी अंतराळ केंद्रात त्याच्या खिडक्यांच्या चौकटी, तसेच १९८६ मध्ये नष्ट झालेल्या चॅलेंजर शटलच्या बाजूचा एक भाग ठेवलेला असून त्याच इमारतीत अटलांटिस शटल अखंड पाहता येते. ३९ उड्डाणे केलेले डिस्कव्हरी व्हर्जिनियात आहे खरे, पण मला विचाराल तर त्या रिकाम्या चौकटी अधिक सांगून जातात.

ठाकरे काकू, बी विंग : आमचा मुलगा लंडनला असतो. तेथे असे काही आहे का?

देशपांडे काका : आहे की! सायन्स म्युझियममध्ये अपोलो १० ची कुपी आहे. मे १९६९ मध्ये चंद्राला प्रदक्षिणा घालून परतताना तिचा वेग ताशी ३९,८९७ किलोमीटरपर्यंत गेला होता. अपोलो ११ ची कुपी मात्र वॉशिंग्टनला आहे. आणि वानखेडे ताई, तारांगण सोमवारी बंद असते, तेव्हा रेल्वेची तिकिटे त्या हिशेबाने काढावीत.