मदत हवी आहे: स्कॅनिंग अ‍ॅपमध्ये मराठी शोध चुकतोय (अँड्रॉइड, एसक्यूलाइट डेटाबेस)

धागाकर्ता: हाउसिंग सोसायटीची जुनी इतिवृत्तं, पावत्या, शेअर सर्टिफिकेटं जपायचं अ‍ॅप आहे. स्कॅनिंगला गूगलच्या एमएल किटचा डॉक्युमेंट स्कॅनर, पुढे अक्षरं ओळखायला टेसरॅक्टचं मराठी मॉडेल, शोधाला एफटीएस५ (एसक्यूलाइटचा मजकूर-शोध). ओळखलेला मजकूर बरा येतो. पण 'पाणी' शोधलं की 'पुणे' असलेली पानंही येतात, आणि 'दुसऱ्या' हा शब्द पानावर डोळ्यांना दिसतो तरी सापडत नाही. टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) युनिकोड६१, सगळं डीफॉल्ट.

काना_मात्रा: डीफॉल्टच घात करतोय. युनिकोड६१ फक्त अक्षरं आणि अंक शब्दात धरतो. काना, वेलांटी, उकार, हलन्त त्याच्या लेखी शब्द तोडणारी चिन्हं. 'पाणी'चं होतं प, ण आणि 'पुणे'चंही प, ण. टेबल बनवताना 'कॅटेगरीज' पर्यायात एल (अक्षरं), एन (अंक), सीओ (खासगी वापराची चिन्हं) यांच्या जोडीला एमएन आणि एमसी (काना-वेलांटीसारखी जोडचिन्हं) हे युनिकोडचे वर्ग द्या. जुन्या टेबलाचा टोकनायझर बदलता येत नाही, नवं टेबल करून पुन्हा शोधाची अनुक्रमणिका (इंडेक्स) बांधावी लागेल. रूममधल्या (अँड्रॉइडची डेटाबेस लायब्ररी) एफटीएस४च्या, म्हणजे एफटीएस५च्या आधीच्या आवृत्तीच्या, 'सिंपल' टोकनायझरमध्ये शब्द तुटत नाहीत, पण दंड (।) आधीच्या शब्दाला चिकटतो.

'दुसऱ्या'चं दुखणं वेगळं. ऱ्य दोन प्रकारे लिहिला जातो: नुक्त्याचा ऱ + हलन्त, किंवा साधा र + हलन्त + झेडडब्ल्यूजे (यू+२००डी, न दिसणारं जोडचिन्ह). दिसायला एकच, बाइट वेगळे. आधी दुसरा प्रकार पहिल्यात बदला, मग उरलेले झेडडब्ल्यूजे काढा, शेवटी एनएफसी (युनिकोडचं एक प्रमाणित रूप) करा. क्रम उलटा केलात तर 'ऱ्य'चा 'र्य' होऊन बसेल. हीच प्रक्रिया शोधशब्दावरही चालवा. बहुतेक अ‍ॅपमध्ये नेमकं हेच राहून जातं.

धागाकर्ता: 'पाणी' सुटलं! आता पीडीएफमधून कॉपी केलेला मजकूर विस्कटतो. आणि मूळ फोटो ठेवायचे का?

दप्तरी: पीडीएफमध्ये जोडाक्षरं ग्लिफच्या (फॉन्टमधल्या आकारांच्या) क्रमाने बसतात, म्हणून ऱ्हस्व वेलांटी आणि रफार जागा सोडतात. शोधाचा मजकूर डेटाबेसमध्येच ठेवा, पीडीएफ फक्त बघायला.

मूळ फोटो ठेवाच, रंगीत. काळा-पांढरा फिल्टर फिकट जांभळे शिक्के आणि पेन्सिलीच्या नोंदी खाऊन टाकतो, त्या नंतर परत येत नाहीत. ए४ला ३०० डीपीआय म्हणजे २४८० × ३५०८ पिक्सेल, एवढे पुरतात. फाइली अ‍ॅपच्या खासगी फोल्डरमध्ये ठेवू नका: अ‍ॅप काढलं की त्याही जातात. सचिव बदलला, नवा फोन आला की हे होणारच. अँड्रॉइडच्या स्टोरेज अ‍ॅक्सेस फ्रेमवर्कने (फाइल-फोल्डर निवडण्याची सोय) फोल्डर वापरणाऱ्यालाच निवडू द्या.