घाण्यावर शेंगदाण्याचे तेल इतके कमी का निघाले?

प्रश्न (कुडाळ)
भात कापल्यावर जानेवारीत पेरलेल्या भुईमुगाच्या शेंगा आम्ही मे महिन्यात काढल्या. जुलैत त्या फोडून २० किलो दाणे लाकडी घाण्यावर नेले, तेव्हा जेमतेम ६ किलो तेल हाती आले; शिवाय ते गढूळ असून कढईत तापताच तडतडते. घाणेवाले म्हणतात की दाणाच हलका आहे. एक्स्पेलरवर (मळसूत्राने दाबून तेल काढणाऱ्या यंत्रावर) जास्त तेल मिळाले असते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ (सावंतवाडी)
आमचा घाणा आहे, म्हणून लिहितो. दाण्यात साधारण ४५ ते ५० टक्के तेल असते; त्यातले बरेच पेंडीत राहते हे धरूनही आपल्याला साडेसात-आठ किलो तेल मिळायला हवे होते. एक्स्पेलरच्या मळसूत्राचा दाब मोठा असल्याने पेंडीत ६ ते ८ टक्केच तेल उरते, मात्र घर्षणाने माल फार तापतो आणि घाण्याच्या तेलाचा वास त्याला राहत नाही. पण माझ्या मते येथे दोष यंत्राचा नसून ओलाव्याचा आहे. पावसाळ्यात पोत्यातला दाणा हवेतली ओल ओढून घेतो, आणि असा मऊ दाणा लाटेखाली (घाण्यात फिरणाऱ्या जाड लाकडी दांड्याखाली) भरडला न जाता तिंबलेल्या कणकेसारखा नुसता फिरत राहतो. त्यात पेंड बांधली जावी म्हणून घाण्यात थोडे पाणी शिंपडतात. दाणा आधीच ओला असेल तर ते तेलात उतरते, आणि तडतड त्याचीच असते. दाणा दाताखाली कट् करून फुटला, तरच घाण्यात घालावा. पेंडीचा तुकडा मोडून पाहा: कोरडा तुटला तर तेल निघाले, वाकून बोटांना चिकटला तर आत राहिले.

प्रतिसाद २ (दापोली)
मला तेलापेक्षा बुरशीची काळजी वाटते. दमट साठवणीत दाण्यावर अ‍ॅस्परजिलस बुरशी वाढून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. त्याचा मोठा भाग पेंडीत राहतो, काही अंश न शुद्ध केलेल्या तेलातही येतो, आणि अशी पेंड खाणाऱ्या गाईच्या दुधातही तो उतरतो. काळपट, सुरकुतलेले दाणे निवडून टाकावेत, आणि पुढच्या वर्षी शेंगा मे महिन्यातच कडक वाळवून पावसाआधी तेल काढून घ्यावे.

प्रश्नकर्ता
पेंडीचा तुकडा आताच मोडला, तो वाकला. उरलेल्या दाण्यांत हिरवट बुरशीचे दाणेही सापडले, म्हणून गोठ्यात दिलेली पेंड लगेच परत काढून घेतली आहे.