नोमोला पळपुटा म्हणणाऱ्यांनो, जरा दमानं

पिचकारी: ‘मैदानाबाहेर’ यांनी काल लिहिलं की जपानी बेसबॉल पिचर (चेंडू टाकणारा) हिदेओ नोमो म्हणजे खोटी निवृत्ती घेऊन, जपानातल्या किंतेत्सु क्लबला टांग मारून अमेरिकेत खेळायला गेलेला माणूस. अमेरिकेत ईआरए (दर नऊ डावांमागे पिचरच्या नावे लागलेल्या धावा, कमी तितक्या चांगल्या) ४.२४, तेव्हा २०१४ मध्ये अवघ्या सहा मतांवर तिथल्या हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे दिग्गजांच्या सन्मानाच्या, उमेदवार यादीतून उडाला ते बरंच झालं. डोकंच फिरलं वाचून. १ जुलै १९९४, सेइबू संघाविरुद्धचा सामना आठवा. पठ्ठ्यानं १६ वॉक (चेंडू नीट न पडल्यानं फलंदाजाला फुकट पहिला बेस) दिले तरी माउंडवरून, म्हणजे पिचरच्या जागेवरून, उतरवला नाही, १९१ चेंडू टाकून घेतले. वर्षअखेरीस त्यानं अनेक वर्षांचा करार मागितला, बोलणी एजंटमार्फत होऊ द्या म्हणाला. क्लबनं धुडकावलं. निवृत्त खेळाडूला जपानातल्या दुसऱ्या संघाकडे जायची बंदी होती, परदेशाचं नियमात नावच नव्हतं. त्याच्या एजंटनं, डॉन नोमुरानं, ती फट हेरली. यात फसवणूक कुठे?

मैदानाबाहेर: नियमात बसलं म्हणजे रीतीत बसलं का? १९९० पासून क्लबनंच वाढवला ना त्याला? आणि जपानात पाच मोसम, ७८ विजय मिळवून आलेला २६ वर्षांचा गडी अमेरिकेत १९९५ चा ‘रुकी’, म्हणजे सर्वोत्तम नवखा? दुसऱ्या नंबरवर राहिलेल्या चिपर जोन्सच्या तोंडचा घास काढलात.

वैतागलेली माई: हे ‘क्लबनं वाढवलं’ ऐकलं की माझं टाळकं सटकतं. पुण्यातल्या माझ्या पहिल्या नोकरीत दोन वर्षांचा बाँड होता आणि डिग्रीची मूळ प्रमाणपत्रं कंपनीच्या कपाटात. आईचं ऑपरेशन होतं म्हणून सोडते म्हटलं, तर एचआर म्हणे आधी पैसे भरा. नोमोनं केलं ते मला जमलं असतं तर पेढे वाटले असते!

सदाशिव: माई, सहानुभूती आहे. पण मी छोटी कंपनी चालवतो. पोरं शिकवायची, पगार द्यायचा, आणि हातात काम पडायच्या दिवशी ती दुसरीकडे. बाँड नको तर काय, आरती ओवाळू?

वैतागलेली माई: पगार नीट द्या, ओवाळायची वेळ येणार नाही.

सदाशिव: फुकटचं शिकून जाणाऱ्यांनी शहाणपण शिकवू नये.

वैतागलेली माई: फुकटचं? रात्री दहापर्यंत बसवून घेत होते, साहेब! आणि प्रमाणपत्रं अडकवण्याबद्दल बोला की. की तुमच्याही कपाटात आहेत?

सदाशिव: आहेत. परत देतो मी सगळ्यांची.

पिचकारी: अहो, नोमो राहिला बाजूला! रुकीचं म्हणाल तर नियम मेजर लीगमधला (अमेरिकेतल्या सर्वोच्च स्पर्धेतला) अनुभव बघतो, बस्स. त्या मोसमात २३६ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज), नॅशनल लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या त्याच्या अर्ध्या भागात, सर्वाधिक, ईआरए २.५४, शिवाय निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्याला सुरुवातीचा पिचर. खेळाडूंच्या संपामुळे ९४ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिका, रद्द झाली होती, लोक चिडलेले. त्यांना याच माणसाचं चेंडू टाकताना वळण घेऊन फलंदाजाला पाठ दाखवणं बघायला मैदानात यावंसं वाटलं. १९९६ मध्ये डेन्व्हरच्या कूअर्स फील्डवर नो-हिटर, म्हणजे पूर्ण सामन्यात समोरच्या संघाला एकही हिट नाही! उंचावरच्या त्या विरळ हवेत चेंडू कसा लांब उडतो ते तुम्हाला सांगायला नको.

मैदानाबाहेर: कूअर्सचं मान्य. २००१ ला बॉस्टनसाठी टाकलेला दुसराही घ्या, खूश? बाकी ४.२४ काही खाली येत नाही. आणि त्याच्यामागून सगळेच पळू लागले, तेव्हा १९९८ मध्ये पोस्टिंग पद्धत (अमेरिकी संघानं जपानी क्लबला पैसे मोजून खेळाडू न्यायचा) आणावी लागली.

पिचकारी: म्हणजे जपानी फलंदाज इचिरो अमेरिकेत गेला तो दरवाजाही यानंच उघडायला लावला. आणि जपानच्या हॉल ऑफ फेमनं त्याच २०१४ मध्ये या ‘पळपुट्या’ला आत घेतलं, त्याचं काय करायचं?

मैदानाबाहेर: त्यांची भावना. मी मत द्यायला नव्हतो.

वैतागलेली माई: सदाशिवराव, कपाटाची किल्ली कुणाकडे असते?