मदत हवी आहे: आडव्या वाऱ्यात ट्रक शेजारून जाताना गाडी सावरत नाही

रोज गेवराई ते पाचोड, धुळे-सोलापूर हायवेने, १०० सीसीची हलकी गाडी, एकटाच. आषाढाचं पश्चिमेचं वारं सुटलंय. सकाळी जाताना डावीकडून असतं, ते कसंबसं निभतं. संध्याकाळी परतताना उजवीकडून येतं, तेव्हा खरी पंचाईत. वाऱ्यावर रेलून चालवत असतो, तेवढ्यात ट्रक उजवीकडून येऊन वारा अडवतो आणि गाडी एकदम त्याच्याच अंगावर ओढली जाते. ट्रक पुढे गेला की पुन्हा झापड बसते, थेट पांढऱ्या पट्टीच्या बाहेर. शहागडच्या गोदावरी पुलावर तर परवा कठड्यापाशी पोचलो, हात थरथरत होते.

स्पीड ४०-४५ वर आणला. टायरची हवा, कोनसेट (हँडलचं बेअरिंग), मागचे बुश (मागचा चिमटा जिथे फ्रेमला जोडतो तिथले) तपासून घेतले, सगळं ठीक. गुडघ्यांनी टाकी आवळून हँडल सैल धरतो, त्याने बराच फरक पडला. साइड बॅगही काढून टाकली. वेळ बदलता येत नाही, मोठी गाडी घेणं सध्या जमणार नाही.

ट्रक आरशात दिसला की ॲक्सिलरेटर आधीच कमी करावा, की एकसारखा धरून ठेवावा? आणि पुलावर कठड्यापासून किती अंतर ठेवून चालवता?