ड्रिफ्ट मालिकेच्या फेऱ्या वाढवायच्या, की आधी तारखा पाळायच्या?

सातरस्ता (धागा सुरू करणारा)

रविवारी अक्कलकोट रोडच्या एका गॅरेजात आमचं जोरदार वाजलं. ड्रिफ्टच्या व्यावसायिक मालिकांनी दरवर्षी नवनव्या शहरांत जावं का, हा विषय. चौघं म्हणत होते, जितक्या फेऱ्या जास्त तितका खेळ मोठा. विरोधात मी एकटाच. आवाज चढले आणि माझं म्हणणं अर्धवट राहिलं, म्हणून इथं लिहितोय.

नवख्यांसाठी थोडक्यात. ड्रिफ्टमध्ये घड्याळाशी शर्यत नसते. मागची चाकं मुद्दाम घसरवत, गाडी आडवी धरून वळण पार करायचं. लाईन (ठरलेली वाट), अँगल (गाडी किती आडवी) आणि स्टाईल बघून परीक्षक गुण देतात. पुढं बाद फेरीत दोन गाड्या एकदम सुटतात, एक पुढं आणि दुसरी तिच्या दाराला चिकटून. नंतर अदलाबदल. ३२ गाड्या असल्या की ३१ लढती, म्हणजे कमीत कमी ६२ वेळा गाड्या सुटणार. परीक्षकांना फरक दिसला नाही तर परत पळवतात. कुणी भिंतीला घासला की दुरुस्तीला वेळ द्यावा लागतो. एका संध्याकाळचं वेळापत्रक सांभाळताना ही तारांबळ, तर वर्षाचं सांभाळणं किती अवघड, विचार करा.

अमेरिकेतली फॉर्म्युला ड्रिफ्ट २००४ पासून चालू आहे. हल्ली वर्षाला आठ फेऱ्या. एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियात लाँग बीचला सुरुवात, मग पार दुसऱ्या टोकाला अटलांटा. ट्रकनं साधारण साडेतीन हजार किलोमीटर, म्हणजे आपण सोलापूरहून श्रीनगर गाठून अर्ध्या वाटेपर्यंत परत आलो तेवढं. हा खर्च आयोजकाच्या नाही, संघाच्या खिशातून जातो. मोठी कंपनी पाठीशी असणारे थोडेच, बाकीचे स्वतःचं गॅरेज चालवून गाडी पळवणारे. एक फेरी वाढवली की टायर, डिझेल, हॉटेल आणि मेकॅनिकची आठवडाभराची मजुरी, सगळं वाढतं. अशा संघानं एक फेरी सोडली तर गुणतक्त्यात वर्ष वाया.

जपानच्या डी-वन ग्रां प्रीनं २००३ मध्ये अमेरिकेत इर्विंडेलला कार्यक्रम केला. खेळाची ओळख झाली, पण डी-वनची अमेरिकेतली मालिका काही वर्षांत थांबली. टिकली ती तिथल्या मातीतली मालिका.

आपला सोलापूरचा गड्डा बघा. संक्रांत आली की सिद्धेश्वरांची यात्रा, हे सांगायला पत्रिका लागत नाही. पाहुणे येणार म्हणून आई डिसेंबरातच चादरी उन्हात टाकते. पाळणेवाले, खेळणीवाले, भविष्य बघणारे सगळे वर्ष त्या तारखेभोवती बांधतात. मालिकेनं आधी असं व्हावं. पाच जागा घ्या, पण दरवर्षी त्याच आठवड्यात घ्या. लोकांच्या अंगवळणी पडलं की मग सहावी.

चिंचोळी_शिफ्ट

मालक, गड्ड्याचं उदाहरण इथं लागू होत नाही. यात्रेला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे, ती कुणी रद्द करू शकत नाही. मालिकेला ट्रॅक भाड्यानं घ्यावा लागतो. मालकानं सांगितलं की या आठवड्यात दुसरी शर्यत आहे, तुम्ही पुढच्या महिन्यात या, की संपलं. तारीख पाळणं तिच्या हातातच नसतं.

आणि तुम्ही ज्या इर्विंडेलचं नाव घेतलं, तिथंच वीस वर्षं फॉर्म्युला ड्रिफ्टची शेवटची फेरी व्हायची. ठरलेली जागा, ठरलेला महिना, तुम्हाला हवं तसंच. तो ट्रॅक २०२४ च्या शेवटी कायमचा बंद झाला. सगळी मदार मोजक्याच जागांवर ठेवली की हे होतं. म्हणून फेऱ्या पसरवायलाच हव्यात.

दुसरं, मला तळमळीनं वाटतं म्हणून सांगतो. सगळं मोठ्या शहरात ठेवलं तर सोलापूरच्या पोराला हा खेळ मोबाईलवरच दिसणार. माझ्या धाकट्या भावाला गाडीचा नाद आहे, हात चांगला आहे. त्याला कोण बघणार?

ब्रेकपॅड

रविवारच्या भांडणात मी होतो. फेऱ्या वाढवा म्हणणाऱ्यांतला मी एक. घरी गेल्यावर आठवलं ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातल्या ड्रिफ्टच्या कार्यक्रमाला आम्ही सहा जण निघालो होतो. रेल्वेचं आरक्षण झालं, गॅरेज दोन दिवस बंद ठेवायचं ठरलं. आठ दिवस आधी तारीख पुढं गेली. परत आरक्षण केलं, ती तारीखही गेली. तिसऱ्या वेळी कुणी विचारलंच नाही. कार्यक्रम झाला म्हणे, छान झाला. आमच्यातला एकही गेला नाही. एका तारखेनं सहा प्रेक्षक कायमचे गेले, असे किती सहा-सहा गेले असतील?

त्यामुळे आता मी निम्मा सातरस्त्याच्या बाजूनं. निम्माच, कारण भारतात अडचण वेगळी आहे. ड्रिफ्टला मागच्या चाकांना ताकद देणारी गाडी लागते. आपल्या रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या पुढच्या चाकांवर चालतात. उरतात जुन्या बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, नाहीतर बाहेरून आणलेल्या, त्यांवर करच डोळे फिरवणारा. आठ फेऱ्या भरायला गाड्या कुठून आणणार? आधी गाड्या आणि माणसं घडू द्या.

मालट्रक_६५

मी वाहतुकीच्या धंद्यात आहे. नकाशा समोर ठेवा. देशात कायमचे मोठे ट्रॅक किती? चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोईमतूरचा कारी, ग्रेटर नोएडाचा बुद्ध. आणखी काही छोटे असतील. दक्षिणेतून नोएडाला गाड्या न्यायच्या तर कंटेनर जायला-यायलाच आठवडा खातो. दोन फेऱ्यांत तीन आठवडे नसतील तर तुटलेली गाडी दुरुस्त कधी करणार?

माझा उपाय सोपा आहे. एका जागी दोन फेऱ्या घ्या, शनिवारी एक, रविवारी एक. २०२० मध्ये साथीमुळे फॉर्म्युला ड्रिफ्टनं हेच केलं, चार ठिकाणी आठ फेऱ्या बसवल्या. वाहतूक निम्मी.

ब्रेकपॅड

ट्रकवाले काका, शनिवारी इंजिन फुटलं तर रविवार पण गेला की. एका चुकीत दोन फेऱ्यांचे गुण जातात. छोट्या संघाला दुसरी गाडी नसते. तुमचं भाडं वाचेल, त्याचं वर्ष बुडेल.

रंगभवन_ताई

मी अपघात विभागात नर्स आहे. तुम्ही सगळे संघांचं बोलताय, मी गावाचं बोलते.

सोलापुरात फेरी आणायची म्हणता, तर बंदोबस्ताचा हिशोब करा. आषाढीला जिल्ह्यातले पोलीस पंढरपुरात. मग गणपती, मग नवरात्र. कोजागिरीला हजारो माणसं तुळजापूरला चालत निघतात, तो रस्ता वाहनांना बंद असतो. कार्तिकीला परत पंढरपूर. दिवाळीपासून उसाचे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर हायवेवर. जानेवारीत गड्डा. मार्चनंतर ऊन, मे महिन्यात ४३-४४ अंश, तेव्हा डांबरावर प्रेक्षक उभे करू नका, उष्माघाताचे रुग्ण आम्हीच बघतो. फेब्रुवारीत शिवजयंतीचे दिवस सोडून दोन-तीन आठवडे मोकळे दिसतात. तेवढ्यात मैदान, परवानगी, ॲम्ब्युलन्स, भिंती सगळं बसवणार?

आणि ज्या पोरांना हे आवडतं ती रात्री पुणे हायवेवर टायर जाळतात. त्यांना स्ट्रेचरवर आणलेलं मी बघितलंय. फेरी आली तर हे कमी होईल की वाढेल? मला वाढेल अशी भीती वाटते.

चिंचोळी_शिफ्ट

ताई, तुमची भीती खरी आहे, पण मला उलटं वाटतं. बंद जागा, हेल्मेट, रोलकेज (गाडीच्या आतला लोखंडी पिंजरा), जवळ ॲम्ब्युलन्स असं काही मिळतच नाही म्हणून पोरं हायवेवर जातात. बैलगाडा शर्यती बंद होत्या तेव्हा त्या चोरून व्हायच्या. आता अटी घालून, परवानगीनं होतात. नियमात आणलेली गोष्ट डोळ्यांसमोर राहते.

सातरस्ता

ताईंनी जे मांडलं तेच मला म्हणायचं होतं, मला इतकं नीट सुचलं नाही. प्रत्येक गावाचं स्वतःचं पंचांग असतं. बाहेरून येणारी मालिका ते न बघता तारीख जाहीर करते आणि मग बदलते.

इर्विंडेलचा मुद्दा मी मान्य करतो, त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पण लाँग बीच बघा. तिथं एप्रिलमध्ये शहराच्या रस्त्यांवर मोठी ग्रां प्री होते, तिच्यासाठी सिमेंटच्या भिंती आधीच उभ्या राहतात. ड्रिफ्टवाले बरोबर आधीच्या आठवड्यात तेच रस्ते वापरतात. दुसऱ्याच्या पक्क्या तारखेला आपली तारीख बांधली, म्हणून ती टिकली. चेन्नईची रात्रीची रस्त्यावरची शर्यत डिसेंबर २०२३ मध्ये होणार होती, चक्रीवादळामुळे ती ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस गेली. हैदराबादला फॉर्म्युला ई, म्हणजे विजेच्या गाड्यांची शर्यत, २०२३ मध्ये एकदाच झाली, राज्यात सरकार बदललं आणि २०२४ ची रद्द झाली. जागा होती, गर्दी होती, तारीख धरून ठेवणारं कुणी नव्हतं.

मालट्रक काकांच्या हिशोबानं दक्षिणेतल्या दोन ट्रॅकवर तीन-चार फेऱ्या, दरवर्षी त्याच आठवड्यांत. पाच वर्षं एवढंच. मग सोलापूरला फेब्रुवारी मागू.

चिंचोळी_शिफ्ट

पाच वर्षं? माझा भाऊ आज एकोणीसचा आहे. तुमची तारीख अंगवळणी पडेपर्यंत तो कुठल्या तरी कंपनीत शिफ्ट करत असेल, माझ्यासारखा. तुमचे आकडे बरोबर असतील, तरी मला पटत नाही. निदान वर्षातून एकदा, गुण नसलेली का होईना, एक प्रात्यक्षिक फेरी छोट्या गावात ठेवा. फेब्रुवारीतच ठेवा, ताईंनी सांगितल्या त्या आठवड्यात.

रंगभवन_ताई

प्रात्यक्षिक असेल तर दोन ॲम्ब्युलन्स आणि प्रेक्षकांपुढं सिमेंटची भिंत, नुसत्या बांबूच्या कठड्यावर नको. एवढं लेखी मिळालं तर विरोध करणार नाही.