दवाखान्यातलं बाथरूम : तुमचे अनुभव लिहा

बकुळा
भाचीला बाळ झालं म्हणून भेटायला गेले. वॉर्डातल्या बाथरूमला आतून कडी नाही. लगेच माझं बाळंतपण आठवलं. टाके ताजे, उकिडवं बसायचा संडास, धरायला दांडा नाही. पॅड बदलावं तर आत ना खुंटी ना डबा. वापरलेलं कागदात गुंडाळून गाऊनच्या खिशात घातलं आणि ऐन भेटीच्या वेळी सगळ्यांच्या नातेवाइकांमधून चालत आले. दवाखान्यांची नावं नकोत, अनुभव लिहा.

नाइट_ड्यूटी
आम्हा सिस्टरांचंही विचारा की. स्टाफच्या टॉयलेटला कुलूप, किल्ली मेट्रनकडे, मेट्रन घरी. रात्रभर पाणीच प्यायचं नाही. झालंच मग युरिन इन्फेक्शन.

टिवल्याबावल्या
'मेट्रन घरी' 😂😂

बकुळा
अगं, लघवीचं कल्चर केलंस का, कुठले जंतू आहेत ते बघायला?

नाइट_ड्यूटी
केलं, गोळ्याही झाल्या. डॉक्टर म्हणाले भरपूर पाणी पीत जा 🙏

सदूभाऊ
बायकोला सलाइन चालू. बायकांच्या बाथरूममध्ये मी कसा जाणार? ती आत, मी बाहेर, दारावरून हात घालून बाटली धरलेली. येणारी प्रत्येक बाई माझ्याकडे चोर पकडल्यासारखी बघत होती.

तपासनीस
जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मोजमापात स्वच्छतागृहाची सोय 'मूलभूत' ठरायलाही स्टाफसाठी वेगळं, बायकांसाठी वेगळं आणि पाळीची सोय असलेलं, शिवाय अपंगांना वापरता येईल असं, किमान एकेक लागतं. हात धुवायला साबण-पाणी संडासापासून ५ मीटरच्या आत. दाखल रुग्णांसाठी संघटनेचा निकष २० जणांमागे एक संडास. आम्ही बघायला जातो तेव्हा दारावर 'महिला' पाटी, आत झाडू आणि फिनेलचे कॅन.

टिवल्याबावल्या
२० जणांमागे एक? आमच्या मजल्याला एकच होतं, त्यातही कुणीतरी कपडे वाळत घातलेले.

इंद्रा
मी तृतीयपंथी. सॅम्पलची बाटली हातात आणि दोन्ही दारांतून हाकललं. शेवटी सफाईच्या मावशींनी स्टाफचं उघडून दिलं आणि दारात बादली आडवी लावून उभ्या राहिल्या. कुणाला फिरकू दिलं नाही.

नाइट_ड्यूटी
मावशींकडे किल्ली असते?? आम्हाला का नाही मग!

गप्प_बसा
डबा पुरुषांकडेही हवा हो. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर बाबांना पॅड लागतं. पुरुषांच्या बाथरूममध्ये ते टाकायला जागाच नाही, पिशवीत घालून घरी आणतो.

सदूभाऊ
हे डोक्यातच आलं नव्हतं. सासऱ्यांचं तेच ऑपरेशन आहे पुढच्या आठवड्यात. कुठल्या साइझची घेता? व्यनि (खाजगी निरोप) करतो.